दोरीपलीकडची खुर्ची

"दोरीच्या अलीकडे नाही, पलीकडे," सबनीस म्हणाले. "अलीकडे मालक."

आईच्या एका हातात काठी होती, दुसरा हात माझ्या खांद्यावर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. लिफ्टपासून इथवर येतानाच तिला घाम फुटला होता, आणि हा बाबा तिला दोरी दाखवत होता.

दोरी म्हणजे पिवळी प्लॅस्टिकची, कपडे वाळत घालतात तसली. गगनदीप हाइट्सच्या पार्किंगवर जी बाग आहे, तिथे या कुंडीपासून त्या कुंडीपर्यंत ताणून बांधलेली. एका बाजूला मांडव, पंखे आणि पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला पुनावळ्याचं एप्रिलमधलं ऊन, सकाळीच टाळू भाजून काढणारं. खुर्च्या मालकांना, ऊन भाडेकरूंना. आम्ही भाडेकरू लोक मुकाट पलीकडे जाऊन उभे राहिलो.

मी हेमलता घोरपडे. गाव इस्लामपूर. पुण्याच्या एका शाळेत पीटीची बाई. तरुणपणी कबड्डी खेळले, राज्याच्या संघापर्यंत. लग्न केलं नाही. आई म्हणायची, हिला कोण झेपणार? वडील गेल्यावर तिला मी माझ्याकडे आणली, आणि मग सुरू झाला घरं बदलायचा फेरा. अकरा महिने झाले की करार संपला, उचला बिऱ्हाड. दर घरात आईचे देव पत्र्याच्या डब्यातच राहायचे. मी विचारलं की म्हणायची, "मांडायचे आन् पुन्हा उठवायचे, देव हायेत का फेरीवाले?"

गगनदीपमध्ये मात्र तिनं देव मांडले. आमचे घरमालक पाटणकर बाणेरला राहायचे. त्यांनी तिच्यासमोर बसून, चहाचा कप हातात धरून शब्द दिला होता, "आजी, तुम्हाला कोणी उठवणार नाही." त्याच संध्याकाळी तिनं डबा उघडला. खंडोबा, अंबाबाई, बाळकृष्ण, सगळे स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात बसले. मला म्हणाली, "हेमे, आता मी न्हाई हलणार. हललेच तर चौघांच्या खांद्यावर."

आणि मग गेटवर तो फ्लेक्स लागला. ज्याने फ्लॅट भाड्याने दिला आहे, त्या प्रत्येक मालकाने रविवारच्या सभेला स्वतः हजर राहून आपला भाडेकरू सर्वांसमोर उभा करावा. सभा हात वर करून ठरवेल, तो राहणार की जाणार. एकटे पुरुष आणि एकट्या बायका यांनी महिनाअखेर फ्लॅट सोडावा, असा ठराव त्याच दिवशी मांडला जाईल. खाली सही, दिगंबर सबनीस, सेक्रेटरी. अक्षरं एवढी मोठी, की हायवेवरूनही वाचता यावीत.

सबनीस म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मोजून मापून. ए विंगच्या नवव्या मजल्यावर, दाराला पितळी पाटी. भाडेकरूंच्या गाड्यांना लाल स्टिकर लावायची टूम त्यांनीच काढली. भाडेकरूंनी मधली लिफ्ट वापरायची नाही, ज्यातून कचरा आणि फर्निचर जातं ती वापरायची, हेही त्यांचंच. बाकीच्या मालकांना एवढं पडलेलं नसायचं. सबनीसांना मात्र भाडेकरू दिसला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

मी आईला म्हटलं होतं, तू वरच थांब. ती ऐकते होय? "बघू तरी, मला घराभाईर काढायला हात कोण वर करतंय ते," म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

आमच्या शेजारी एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, धोतर, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा. वॉचमननं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि हातानंच दोरीकडे ढकललं. असेल कुणाचातरी बाप, असं त्याला वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

"आक्का, गुडघा व्हय?" त्यांनी आईला विचारलं.

"नवा घातलाय. अजून आपला म्हनत न्हाई मला."

म्हातारबाबा खळखळून हसले. म्हणाले, मी रामभाऊ काळोखे. मग वहाणेचं टोक खाली आपटून म्हणाले, "हितं आमचं जोंधळ्याचं वावर हुतं. त्या तिकडं, जिथं पवायचा हौद केलाय न्हवं, तिथं इहीर हुती. बिल्डरला दिलं समदं."

"मग तुमी भाडेकरू कसे?" आई म्हणाली.

"मी कुठं म्हनलं?" ते बोलले, आणि त्यांचं लक्ष आईच्या थरथरणाऱ्या पायाकडे गेलं. "आन् तुमी उभ्या का? थांबा."

त्यांनी सरळ दोरी उचलली, वाकून मांडवात गेले, शेवटच्या रांगेतली एक रिकामी खुर्ची उचलली आणि आणून आईच्या मागे ठेवली. "बसा." आई बसली. हे सगळं इतकं सहज झालं की कुणाला अडवायचं सुचलंच नाही. तेवढ्यात वॉचमन पळत आला, "ओ बाबा, गेटात आडवी जीप कुणाची? तुमची का?" आणि काळोखे धोतर सावरत खाली गेले.

मग सुरू झाला तो तमाशा. एकेक मालक माइकवर यायचा, आपल्या भाडेकरूचं नाव घ्यायचा. भाडेकरूनं दोरीपाशी येऊन हात जोडून उभं राहायचं. सबनीस विचारायचे, घरात माणसं किती, पाहुणे कोण येतात, स्वयंपाकात काय असतं. मग हात वर. दोन आयटीतली पोरं होती, सोलापूरकडची, सरळमार्गी. त्यांच्या मालकिणीनं त्यांची नावंही धड घेतली नाहीत. हात वर झाले, काढायचं ठरलं, आणि पोरांनी खाली मान घातली. माझ्या तळव्यांना घाम आला. चढाईला जायच्या आधी यायचा तसाच.

"सी विंग, पाटणकर."

पाटणकर उठले. माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे तर नाहीच. मोबाइलकडे बघत म्हणाले, "समितीचं जे मत असेल ते. माझं काही म्हणणं नाही."

चहाच्या कपावर दिलेला शब्द तिथेच संपला. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम लहान झाला होता.

"कुमारी घोरपडे," सबनीस म्हणाले, आणि 'कुमारी'वर जोर दिला. "एकट्या राहतात. येण्या-जाण्याच्या वेळा विचित्र. तीन-तीन दिवस बाहेरगावी असतात. कुठे, कुणाबरोबर, याची सोसायटीकडे माहिती नाही."

"पोरींच्या टीम घेऊन जाते स्पर्धेला," मी म्हटलं. "शाळेत विचारा."

"तुम्हाला विचारलेलं नाही."

"मग मला इचारा," आई बसल्या जागेवरून कडाडली. "मी तिची आई. एकटी राहती म्हनं! मी काय भिंतीवरचा फोटू हाय? पोरीच्या चारित्र्यावर बोलतोस, तोंड सांभाळून बोल, मुडद्या!"

मांडवात हशा पिकला. त्या हशानं सबनीसांचे कान लाल झाले. ते तरातरा आले आणि तेव्हा त्यांना दिसली ती खुर्ची. पांढऱ्या कव्हरची, दोरीच्या पलीकडे.

"ही खुर्ची मालकांची आहे. कोणी दिली?"

"एका देवमानसानं दिली."

"उठा."

"न्हाई उठत."

सबनीसांनी दोरीवरून वाकून खुर्चीची पाठ धरली आणि खेचली.

आई नव्या गुडघ्यावर पडली. तिच्या तोंडून जो आवाज आला, तो मी त्याआधी एकदाच ऐकला होता, वडील गेले तेव्हा. काठी घरंगळत दोरीखालून मांडवात गेली, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी पाय वर घेतले. फक्त पाय वर घेतले, बाकी काही नाही.

त्यानंतर मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. खुर्ची अजून सबनीसांच्या हातात होती. मी ती हिसकली आणि त्याच खुर्चीनं त्यांच्या तोंडावर हाणली. पांढऱ्या कव्हरवर लाल फराटा उठला. चष्मा कुठे उडाला देव जाणे. ते दोरीवर आडवे झाले, दोरी ताणली, कुंडी आपटली, माती सगळीकडे.

"बाई मारतेय! भाडेकरू मारतायत!" कोणीतरी किंचाळलं, आणि मांडवातले पंचवीस-तीस जण एकदम उठले.

सगळ्यात आधी आला खजिनदार कौस्तुभ लिमये. व्यायामानं फुगवलेले दंड, कायम हातात प्रोटीनची पावडर ढवळायची बाटली. त्यानं माझे केस मागून धरले आणि मान मागे ओढली. मी खाली बसले. केस धरलेला माणूस खाली बसला की धरणारा वाकतो, हे मी शाळेतल्या पोरींनाही शिकवते. तो वाकला तशी कोपर त्याच्या बरगडीत घातली. सोलापूरची ती दोन पोरं, ज्यांनी मघाशी मान घातली होती, त्यांनी आता मान वर केली. एकानं थेट मांडवाचा बांबूच उपटला. मांडव एका बाजूनं खाली आला, पंखा चालूच्या चालू एका बाईच्या खांद्यावर पडला आणि तिची साडी फरफटत त्यात गेली. खुर्च्या उडायला लागल्या. मालक भाडेकरूंना मारत होते, भाडेकरू मालकांना, आणि काही मालक घाईत मालकांनाच. एकानं पिवळी दोरी सोडवून एका पोराच्या गळ्याला पीळ घातला होता. पोराचे डोळे पांढरे होत होते. मी त्या माणसाचा पट काढला, तो फरशीवर डोक्यावर आदळला. फरशीचा आवाज माझ्या दातांत आला.

मी परत आईपाशी गेले. तिचा गुडघा टरारून सुजला होता. तिचं डोकं मांडीवर घेतलं. "आई, आई गं." तिनं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात माइकमधून खर्रर्र आवाज झाला.

"अवो, ऐका की! अरारारा, काय लावलंय हे!"

रामभाऊ काळोखे जीप लावून परत आले होते. टोपी हातात, चेहऱ्यावर पार गोंधळ. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, माणसं थांबली. धापा टाकत, रक्त पुसत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मला लई बोलता येत न्हाई," काळोखे म्हणाले. "ते गेटावर लिवलंय, मालकानं सोता यावं आन् आपला भाडेकरू समद्यांम्होरं दावावा. म्हनून आलो. मला सांगा, कुठं उभं ऱ्हायाचं?"

"बाबा, तुमचा फ्लॅट कोणता?" लिमये ओठावरचं रक्त थुंकत ओरडला. "लवकर बोला!"

"ए विंग, नववा मजला. त्ये काय, सबनीस सायेब. आमचं भाडेकरू."

पडलेला पंखा अजून फरशीवर घरघरत होता.

सबनीस एका कुंडीला टेकून बसले होते. तोंडावर रुमाल धरलेला. ते तसेच अर्धवट उठले. "काळोखे, खाली उतरा," ते म्हणाले. मोजून मापून बोलायचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "हात जोडतो. खाली उतरा."

पण काळोख्यांना वाटलं, सबनीसांना काढायला हात वर होऊ नयेत म्हणून आपण नीट सांगितलं पाहिजे. ते माइक दोन्ही हातांनी धरून सांगू लागले. "सायबांच्या पोराचं परदेशात काय वाकडं झालं, तवा त्यांनी घर इकलं मला. म्हनले, कागदावरचं नाव मागनं बदलू, आमाला हितंच ऱ्हाऊ द्या. म्हनलं ऱ्हावा. मानूस सज्जन हाय वो. माझी काय येक तक्रार न्हाई. ऱ्हाऊ द्या त्यांना. मी सांगतो ना, मालक म्हनून."

त्या सकाळपासून एवढे मालक माइकवर आले, आपल्या भाडेकरूसाठी चांगला शब्द टाकणारा हा एकटाच. आणि त्यानंच सबनीसांचा गळा कापला.

"म्हणजे हा..." लिमये म्हणाला. "हा भाडेकरू? आम्हाला नियम शिकवणारा? आमच्या लिफ्टमधून जाणारा?"

त्यानं सबनीसांच्या कानाखाली अशी मारली की ते गरकन फिरले. खरं सांगते, त्या थपडेनं मला बरं वाटलं. मार, म्हटलं मनात, अजून एक मार. आणि ते मारू लागले. आम्हाला मारताना त्यांच्या हातात राग होता, सबनीसांना मारताना नुसती किळस होती. चपला निघाल्या. खुर्च्यांचे पाय निघाले. ज्यांनी दिवाळीला सबनीसांच्या घरी फराळ केला होता, ती माणसं त्यांच्या पोटात लाथा घालत होती. कुणीतरी त्यांचा डावा हात मागे पिरगाळला आणि खांद्यातून कट्ट आवाज आला. "दोरीपलीकडे फेका याला! पलीकडे!" असं एक बाई ओरडत होती. दोरी तर केव्हाच सुटली होती. सबनीसकाकू माणसांच्या पाठींवर मुठी मारत होत्या, "सोडा हो, मरतील हो ते," आणि कोणी वळूनही बघत नव्हतं. काळोखे माइक घेऊन तसेच उभे होते. आपण काय चुकीचं बोललो, ते त्यांना उमगत नव्हतं.

लिमयेनं माइकचा स्टँड उचलला. खाली जाडजूड लोखंडी तबकडी असते तो.

"हेमे," आई म्हणाली. "ऊठ."

"पडून राहा तू."

"ऊठ म्हंते ना. मारून टाकतील त्येला."

"आई, त्यानं पाडलंय तुला!"

"मला पाडलं न्हवं? मग मी सांगते. जा!"

मी गेले. स्टँड वर गेला होता. मी खालून शिरले, लिमयेचा पाय घोट्यात धरला आणि उचलला, सगळी ताकद लावून, जशी स्पर्धेत कधी लावली नव्हती. तो पाठीवर पडला, तबकडी सबनीसांच्या कानाशेजारी फरशीवर आदळली, फरशीचा टवका उडाला. लिमये उठायला लागला, तर त्याच्या मनगटावर गुडघा ठेवून बसले. मनगट गेलं. तो लहान पोरासारखा रडायला लागला. मी स्टँड घेतला आणि सबनीसांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी राहिले.

"आता या," मी म्हटलं. "या की, मालक."

कोणी आलं नाही. माझे केस सुटलेले, नाकातून रक्त, आणि मी शिव्या देत होते, इस्लामपूरच्या, ठेवणीतल्या. मग सोलापूरची ती पोरं माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. बांबू हातात.

पोलीस आले तेव्हा फौजदारानं आजूबाजूला बघितलं आणि वैतागून म्हणाला, "जबाब घ्यायचेत. मालक इकडे, भाडेकरू तिकडे. चला, पटापट."

लोक दोन्हीकडे सरकले. सबनीस मधेच उभे राहिले. शर्ट फाटलेला, एक हात लोंबता. सवयीनं ते पांढऱ्या खुर्च्यांकडे दोन पावलं गेले. एका बाईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली. ते थांबले. सबनीसकाकूंनी त्यांचा बरा हात धरला आणि त्यांना आमच्याकडे, उन्हात आणलं.

आईला पोरांनी उचलून पुन्हा त्याच, कव्हरवर रक्त असलेल्या खुर्चीत बसवलं होतं, काठीही आणून दिली होती. सबनीस समोर आले तशी ती माझा खांदा धरून उठायला लागली.

"आई, काय करतेस?"

"गप." ती एका पायावर उभी राहिली आणि खुर्ची काठीनं पुढे ढकलली. "बसा, सबनीस. खुर्ची आमची न्हाई, पन बसा."

ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, मान खाली घालून हुंदके देत राहिले. आपण यांच्यातले नाही हे रोज ओरडून सांगितल्याशिवाय या माणसाला झोप लागत नसणार, हे मला तेव्हा कळलं. आणि तरी मला त्यांची पूर्ण दया आली असं नाही. आईचा गुडघा पुन्हा उघडावा लागला.

दोन्हीकडून तक्रारी झाल्या, दोन्हीकडून मागे घेतल्या गेल्या. सबनीस काळोख्यांच्या घरात राहिले. तो ठराव पुन्हा कुणी मांडला नाही, सोलापूरच्या पोरांनाही कुणी काढलं नाही. पाटणकर दर अकरा महिन्यांनी नवा करार घेऊन यायचे, चहा न घेता सही करून जायचे. मला घाबरून का होईना, त्यांनी आईला दिलेला शब्द पाळला. देव कोनाड्यातून हलले नाहीत.

आई गेली त्याला आता तीन वर्षं होतील. झोपेतच गेली, देवांसमोरच्या खोलीत. तिला मधल्या लिफ्टनं खाली आणलं. वॉचमननं दार धरून ठेवलं होतं. खाली तिरडी बांधून झाली तेव्हा मी पुढचा उजवा खांदा घेतला. कुणीतरी म्हणालं, बायका खांदा देत नाहीत. त्याच्याकडे मी नुसतं बघितलं. मागे सोलापूरचं एक पोरगं, आता त्याला पोर झालंय, आणि थकलेले रामभाऊ काळोखे, हट्टानं आलेले.

चौथा खांदा द्यायला सबनीस पुढे आले. मी त्यांना माझ्या डावीकडे घेतलं, कारण त्यांचा डावा खांदा त्या दिवसापासून वर होत नाही.